नॉर्थईस्टर्नकडे वळलेली रांग : एका विद्यापीठाच्या लोकप्रियतेचं प्रकरण

अमेरिकेतल्या हायस्कूलमधले समुपदेशक मुलांच्या कॉलेजांची यादी तीन खणांत लावतात. ‘रीच’ म्हणजे मिळालं तर नशीब, ‘टार्गेट’ म्हणजे मिळायला हरकत नाही, आणि ‘सेफ्टी’ म्हणजे हमखास. बॉस्टनचं नॉर्थईस्टर्न विद्यापीठ १९९० च्या सुमारास तिसऱ्या खणात होतं. अर्ज करणाऱ्या बहुतेकांना तिथे प्रवेश मिळायचा. २०१५-१६ च्या सुमारास दहांपैकी साधारण तिघांना मिळू लागला. २०२३ साली ९६ हजारांहून जास्त अर्ज आले आणि शंभरात जेमतेम सहाजणांना होकार गेला. थोरल्या बहिणीला मिळालेलं कॉलेज धाकट्या भावाला नाकारतं, आणि भाऊ कमी पडला की कॉलेज बदललं हे घरात कोणालाच कळत नाही.

कॉलेज किती बदललं, हाच या प्रकरणाचा गाभा. नॉर्थईस्टर्नची ओळख म्हणजे ‘को-ऑप’. काही महिने वर्गात शिकायचं, मग सहा महिने एखाद्या कंपनीत पूर्णवेळ पगारी काम करायचं, मग पुन्हा वर्गात. ही पद्धत तिथे १९०९ पासून आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आज मुलं रांग लावतात, ती रांग नव्हती तेव्हाही तिथेच होती.

या विद्यापीठाबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक कौतुकाची : दूरदृष्टीच्या नेतृत्वाने साधं कॉलेज कुठल्या कुठे नेलं. दुसरी कुजकट : रँकिंगचं सूत्र फोडलं, आकड्यांची जुळवाजुळव केली, बाकी काही नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण कालानुक्रमाने पाहिलं की दोन्ही अपुऱ्या वाटतात.

ट्रॉलीने येणाऱ्यांचं कॉलेज

सुरुवात १८९८ ची. बॉस्टनच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेने दिवसभर काम करणाऱ्या तरुणांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले, त्यातून पुढे हे विद्यापीठ उभं राहिलं. (आज जिथे त्याच्या इमारती आहेत, त्या जागेवर पूर्वी बेसबॉलचं मैदान होतं आणि १९०३ च्या पहिल्या आधुनिक वर्ल्ड सीरिजचे काही सामने तिथे खेळले गेले. प्रकरणाशी याचा संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) को-ऑपची कल्पना सिनसिनाटी विद्यापीठाने १९०६ मध्ये आधी राबवली. तीन वर्षांनी नॉर्थईस्टर्नने अभियांत्रिकीच्या आठ विद्यार्थ्यांवर ती करून पाहिली. हेतू साधा होता. ज्यांच्या घरी फी भरायला पैसे नाहीत, त्यांना शिकता शिकता कमावता यावं.

पुढची सत्तरएक वर्षं हे कामगारांच्या आणि स्थलांतरितांच्या मुलांचं कॉलेज होतं. मुलं घरी राहत, ट्रॉलीने म्हणजे ट्रामने, नाहीतर गाडीने येत, तास संपले की परत जात. वसतिगृहं थोडी, वाहनतळ भरपूर. पदवीचे, संध्याकाळचे, अर्धवेळ असे सगळे विद्यार्थी धरले तर एका टप्प्यावर ते देशातल्या सर्वांत मोठ्या खाजगी विद्यापीठांपैकी एक झालं होतं. मैल-दोन मैलांवर चार्ल्स नदीपलीकडे एमआयटी आणि त्याच्या थोडं पुढे हार्वर्ड. त्यांच्याशी स्पर्धा करायचा विचारही तेव्हा कोणी केला नसता आणि त्याची गरजही नव्हती, कारण दोघांचे विद्यार्थीच वेगळे.

गरज पडली ती तीन गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या म्हणून. पहिली लोकसंख्या. अमेरिकेत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांची संख्या १९७७ मध्ये ३१.५ लाखांच्या आसपास होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती २५ लाखांपर्यंत घसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी शिकून बाहेर पडली होती आणि मागून येणारी पिढी आटोपशीर होती. दुसरी गोष्ट स्वस्त शेजाऱ्यांची. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विद्यापीठाची बॉस्टन शाखा १९६५ मध्ये सुरू झाली, सरकारी कम्युनिटी कॉलेजं निघाली. घरी राहून शिकणाऱ्याला आता निम्म्याहून कमी पैशांत पदवी मिळत होती. तिसरी गोष्ट न्यू इंग्लंडमधली, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांतली मंदी. वँगसारख्या संगणक कंपन्या डबघाईला आल्या, बँक ऑफ न्यू इंग्लंड १९९१ च्या जानेवारीत बुडाली. कंपन्याच माणसं काढत असतील, तर को-ऑपच्या मुलांना कोण ठेवून घेणार?

१९९० च्या शरद सत्रात पहिल्या वर्षाला अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी मुलं आली. विद्यापीठाकडे मोठा राखीव निधी नव्हता; गाडा फीवर चालत होता. अंदाजपत्रकात खड्डा पडला, नोकरकपात झाली. तेव्हाचे अध्यक्ष जॉन करी यांच्यापुढे दोन वाटा होत्या. दर्जा आणखी खाली आणून जागा भरायच्या, किंवा जागाच कमी करायच्या. त्यांनी दुसरी निवडली : विद्यापीठ लहान करायचं, पण चांगलं करायचं.

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत धाडसाचा निर्णय हाच. फीवर जगणाऱ्या संस्थेने आपणहून गिऱ्हाईक कमी करायचं, याला छाती लागते. पुढे जे झालं त्याचं श्रेय बहुतेक वेळा करींनंतरच्या दोन अध्यक्षांना दिलं जातं. पण दुर्मिळता निर्माण झाल्याशिवाय लोकप्रियता दिसत नाही, आणि दुर्मिळतेची सुरुवात करींनी केली, तीही नाइलाजाने.

१६२ वरून ९८

१९९६ मध्ये रिचर्ड फ्रीलंड अध्यक्ष झाले. त्या सुमारास ‘यू.एस. न्यूज’च्या राष्ट्रीय विद्यापीठांच्या यादीत नॉर्थईस्टर्न १६२ वं होतं.

या यादीविषयी थोडं. ‘यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या साप्ताहिकाने १९८३ मध्ये कॉलेजांची पहिली क्रमवारी छापली, तेव्हा ती निव्वळ कॉलेजांच्या अध्यक्षांना विचारलेल्या मतांवर होती. नंतर त्यात आकडे आले : किती मुलं पदवी पूर्ण करतात, वर्ग किती लहान, एका विद्यार्थ्यामागे खर्च किती, प्रवेश घेणाऱ्यांचे गुण किती, माजी विद्यार्थ्यांपैकी किती जण देणगी देतात. आकडे आले की सूत्र आलं, आणि सूत्र आलं की त्यानुसार वागणंही आलं.

फ्रीलंड यांनी लपवाछपवी केली नाही. पहिल्या शंभरात यायचं, हे उद्दिष्ट त्यांनी उघड सांगितलं. मग सूत्रातला एकेक घटक घेऊन काम सुरू झालं. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचा वर्ग ‘लहान’ धरला जातो, म्हणून बऱ्याच वर्गांची मर्यादा १९ वर आणली. अर्ज सोपा व्हावा म्हणून ‘कॉमन ॲप’मध्ये प्रवेश घेतला. एकच अर्ज भरून अनेक कॉलेजांना पाठवण्याची ही सोय १९७५ मध्ये १५ खाजगी कॉलेजांनी मिळून काढली होती. आज हजाराहून जास्त कॉलेजं तिच्यात आहेत. वाहनतळांच्या जागी वसतिगृहं उभी राहिली. २००३ मध्ये जुनी तिमाही पद्धत जाऊन सत्रपद्धत आली.

को-ऑपचाच एक घोळ होता. सहा महिने कंपनीत असलेला विद्यार्थी कागदावर मात्र विद्यापीठातच मोजला जायचा. त्यामुळे एका विद्यार्थ्यामागचा खर्च आणि शिक्षकांचं प्रमाण, दोन्ही प्रत्यक्षाहून वाईट दिसत. जी गोष्ट विद्यापीठाचं वैशिष्ट्य, तीच यादीत त्याला खाली ओढत होती. फ्रीलंड यांनी हा मुद्दा थेट साप्ताहिकाच्या क्रमवारी करणाऱ्यांपर्यंत नेला.

२००६ मध्ये विद्यापीठ ९८ वं आलं. त्याच वर्षी फ्रीलंड पायउतार झाले.

याला हातचलाखी म्हणायचं का? वर्गात १९ मुलं आहेत की २१, याने शिकणाऱ्याला काहीएक फरक पडत नाही. तो बदल यादीसाठीच होता. वसतिगृहाचं तसं नाही. रात्री दहा वाजता ग्रंथालयातून उठून पाच मिनिटांत खोलीवर जाता येणं आणि तासभर गाडीने घरी जाणं, यात फरक आहे. पदवी अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण घटलं, हाही खराच फरक. क्रमवारीतल्या जागेसाठी केलेल्या कामांपैकी काही कामं मुलांच्या उपयोगाची निघाली आणि काही नाही. ‘सगळं खोटं’ म्हणणारे हा फरक करत नाहीत.

आता मुद्दा अर्जांचा. क्रमांक सुधारला की अर्ज वाढतात का? मायकेल लुका आणि जोनाथन स्मिथ या दोघांनी निवडक विद्यापीठांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं, की एक क्रमांक वर चढलं की अर्ज साधारण एक टक्क्याने वाढतात. त्यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त बोलकं वाटतं. कॉलेजांची माहिती तीच, पण यादी क्रमांकाऐवजी वर्णानुक्रमाने छापलेली असेल, तर हा परिणाम दिसत नाही. माहिती समोर असते, पण अर्जदार तिच्यातून स्वतः अर्थ काढत नाही. त्याला क्रमांक लागतो.

अर्थात एका क्रमांकाला एक टक्का हा हिशेब नॉर्थईस्टर्नला नुसता लावून पाहिला, तरी पुढची वाढ त्यात मावत नाही. आणखी काहीतरी होतं.

फुटबॉलचा फेक आणि फुटबॉलचा त्याग

लोकप्रियता अचानक कशी येते, याचं अमेरिकेतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नॉर्थईस्टर्नपासून काही मैलांवरच घडलं. २३ नोव्हेंबर १९८४ ला मायामीत बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने अमेरिकन फुटबॉलच्या (चेंडू हाताने फेकतात तो) सामन्याच्या शेवटच्या क्षणी लांबच लांब फेक टाकली आणि संघ ४७-४५ ने जिंकला. देशभर तो सामना टीव्हीवर दिसला. त्यानंतर दोन वर्षं बॉस्टन कॉलेजकडे येणारे अर्ज भराभर वाढले आणि ‘फ्लूटी इफेक्ट’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. खेळात चमकलं की अर्ज वाढतात, ही समजूत तिथून घट्ट झाली.

ती निराधार नाही. डग चंग यांच्या २०१३ च्या अभ्यासात सुमार फुटबॉल संघ उत्तम झाल्यावर अर्ज सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की हा परिणाम कमी गुणांच्या अर्जदारांवर जास्त होतो. शिवाय बॉस्टन कॉलेजचे अर्ज फ्लूटीच्या आधीपासून चढते होते. त्यांनीही वसतिगृहं बांधली होती, दूरच्या राज्यांतून विद्यार्थी मिळवायला सुरुवात केली होती. फेक लक्षात राहिली, वसतिगृहं विसरली गेली.

नॉर्थईस्टर्नने नेमकं उलटं केलं. २००९ चा हंगाम संपल्यावर त्यांनी आपला फुटबॉल संघच बंद करून टाकला. खर्च मोठा, मैदान जुनं, प्रेक्षक थोडे. फ्लूटीची गोष्ट खरी मानली तर अर्ज घटायला हवे होते. ते वाढतच राहिले. खेळाची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली होती.

तीच को-ऑप, नवे गिऱ्हाईक

२००६ मध्ये जोसेफ औन अध्यक्ष झाले; व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ. दोन वर्षांनी आर्थिक संकट आलं. पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलांच्या बातम्या रोज छापून येऊ लागल्या आणि शैक्षणिक कर्जाचा बोजा हा घराघरातला विषय झाला. पूर्वी मध्यमवर्गीय आईबापांना को-ऑप म्हणजे ‘गरिबांच्या मुलांची सोय’ वाटायची. आता त्यांच्याच तोंडी प्रश्न आला : पदवी झाल्यावर नोकरीचं काय? आणि या प्रश्नाला तयार उत्तर असलेलं विद्यापीठ बॉस्टनमध्ये शंभर वर्षांपासून बसलेलं होतं.

हे माझं अनुमान आहे, आकड्यांनी सिद्ध केलेलं नाही. पण १९९० च्या मंदीत को-ऑपमुळे विद्यापीठ अडचणीत आलं आणि २००८ च्या मंदीत को-ऑपमुळेच ते वर चढलं, हा उलटफेर दुसऱ्या कशाने समजावता येत नाही. १९९० मध्ये विद्यार्थ्याला को-ऑपचा पगार फी भरायला हवा होता; पगार नाही तर शिक्षण नाही. २००८ नंतरच्या विद्यार्थ्याची फी बहुतेक आईबाप किंवा कर्ज भरत होतं. त्याला को-ऑप हवी होती ती बायोडेटासाठी. मंदीत पगार आटतो, बायोडेटाची किंमत मात्र वाढते.

औन यांनी याला जगभरचं रूप दिलं. को-ऑप इतर देशांतही होऊ लागली. शार्लट, सिएटल, टोरांटो, लंडन अशा ठिकाणी शाखा निघाल्या. २००७ मध्ये ‘एन.यू.इन’ हा कार्यक्रम सुरू झाला : काही मुलांना शरद सत्रात बॉस्टनऐवजी परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात पाठवायचं आणि जानेवारीत बॉस्टनला आणायचं. मुलांना तो अनुभव आवडतो, हे खरं. आणि क्रमवारीसाठी शरद सत्रातल्या प्रवेशांचेच गुण मोजले जात असल्याने जानेवारीत येणाऱ्यांचे गुण त्यात धरले जात नाहीत, हेही तितकंच खरं. कुठला हेतू आधीचा, याच्यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा.

२०१३ मध्ये विद्यापीठ पहिल्या पन्नासात शिरलं, ४९ वं. राष्ट्रीय गुणवत्ता यादीतल्या मुलांना भरघोस शिष्यवृत्त्या देऊन ओढून आणलं जात होतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, भारत, चीन इथून मुलं येत होती. ट्रॉलीने येणारा बॉस्टनचा मुलगा आता वर्गात अल्पसंख्य होता.

एका वर्षात १८ वरून ७

सगळ्यांत जास्त बोललं जातं ते २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांबद्दल. प्रवेशाचा दर १८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला. हायस्कूलमधल्या मुलांना आणि पालकांना त्यातून एकच अर्थ लागला : नॉर्थईस्टर्न एका वर्षात अडीचपट ‘हॉट’ झालं.

आकडे उलगडून पाहू. २०२१ मध्ये अर्ज सुमारे ७५ हजार. त्यांच्या १८ टक्क्यांहून थोडे जास्त म्हणजे साधारण पावणेचौदा हजार होकार. २०२२ मध्ये अर्ज सुमारे ९१ हजार, होकार सहा-सव्वासहा हजार. आता समजा, २०२२ मध्येही विद्यापीठाने तितकेच, पावणेचौदा हजार होकार दिले असते. तर दर आला असता १५ टक्के. म्हणजे अर्जदारांची वाढलेली ओढ फक्त १८ चे १५ करते. १५ चे ७ जे झाले, ते विद्यापीठाने होकार निम्म्याहून कमी केले म्हणून.

होकार का घटवले? कारण २०२१ मध्ये अंदाज चुकला. महासाथीच्या वर्षानंतर किती मुलं होकार मिळाल्यावर खरोखर येतील, याचा ताळा कोणालाच लागत नव्हता. अपेक्षेपेक्षा फार जास्त मुलं आली. वसतिगृहं पुरेनात, हॉटेलातल्या खोल्या भाड्याने घेऊन मुलांची सोय करावी लागली, रॉक्सबरी आणि मिशन हिल या आजूबाजूच्या वस्त्यांत भाडेवाढीवरून आधीच राग होता तो आणखी वाढला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने हात आखडता घेतला आणि पहिल्या वर्षाच्या जागा बऱ्याच कमी ठेवल्या.

दुसरं कारण ‘अर्ली डिसिजन’. यात मुलगा नोव्हेंबरातच लिहून देतो, की तुम्ही घेतलंत तर मी दुसरीकडे जाणार नाही. अशा मुलाला दिलेला होकार वाया जात नाही. अडीच हजार जागा भरायच्या आहेत आणि होकार मिळालेल्यांपैकी एकचतुर्थांशच येतात, तर दहा हजार होकार द्यावे लागतात. निम्मे येत असतील तर पाच हजार पुरतात. अर्ज तेवढेच, जागा त्याच, वर्गात बसणारी मुलं कदाचित तीच. दर मात्र निम्मा होतो.

मग ९१ हजार अर्ज तरी खरे किती? नॉर्थईस्टर्न आपल्या अर्जासोबत वेगळा निबंध मागत नाही. ‘कॉमन ॲप’मध्ये वीसपर्यंत कॉलेजं निवडता येतात. पंधरा ठिकाणी निबंध लिहून दमलेल्या मुलासाठी सोळावं कॉलेज, जिथे फक्त खूण करायची आणि शुल्क भरायचं, ते हेच. त्यात २०२० पासून प्रवेश परीक्षेचे गुण देणं ऐच्छिक झालं. ज्यांनी पूर्वी गुण पाहून माघार घेतली असती, त्यांनीही अर्ज केले. अर्ज करण्याचा खर्च घटला की अर्ज वाढतात. त्याला ओढ म्हणायचं की सवड?

ओढ मोजायची असेल तर दुसरा मार्ग आहे. एकाच मुलाला दोन ठिकाणी होकार आला, तर तो कुठे जातो? क्रिस्टोफर अ‍ॅव्हरी, कॅरोलाइन हॉक्स्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन हजारांहून जास्त हुशार विद्यार्थ्यांच्या अशा निवडींवरून कॉलेजांची क्रमवारी लावून दाखवली होती, जशी बुद्धिबळपटूंची लावतात, कोण कोणाविरुद्ध जिंकलं यावरून. त्यात दर खाली आणण्याच्या युक्त्या चालत नाहीत. पण ही माहिती अर्जदाराच्या हाती नसते. त्याच्या हाती असतो प्रवेशाचा दर, आणि तो ऐकून तो घाबरतो. घाबरून आठऐवजी पंधरा ठिकाणी अर्ज करतो. त्यामुळे सगळीकडचे दर आणखी घसरतात, पुढच्या वर्षीची मुलं आणखी घाबरतात. शिकागो विद्यापीठ २००५ च्या सुमारास दहांपैकी चौघांना घेत होतं. ‘कॉमन ॲप’मध्ये गेल्यानंतर आणि घरोघर पत्रकं पाठवून अर्ज मागवल्यानंतर दशक-दीड दशकात ते शंभरात सातांवर आलं. तिथले प्राध्यापक किंवा अभ्यासक्रम तेवढे बदलले नव्हते.

या भीतीचा पसारा मुळात मोठा नाही, हे सहसा सांगितलं जात नाही. हॉक्स्बी यांनीच २००९ मध्ये दाखवलं होतं, की १९६२ च्या तुलनेत अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त कॉलेजांत प्रवेश मिळणं सोपं झालंय. कठीण झालंय ते वरच्या दहा टक्क्यांत. सगळा कोलाहल त्या दहा टक्क्यांचा. नॉर्थईस्टर्नने जे साधलं ते असं, की सोपं होत चाललेल्या बाजूला उभं असताना ते कठीण होत चाललेल्या बाजूला जाऊन बसलं. अशी उडी मारलेली विद्यापीठं फार थोडी आहेत.

क्रमांक घसरला, अर्ज नाही

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘यू.एस. न्यूज’ने सूत्र बदललं. वर्गांचा आकार आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या हे घटक काढून टाकले. १९ मुलांच्या वर्गांची इतकी वर्षांची मेहनत एका फटक्यात बाद झाली आणि नॉर्थईस्टर्न ४४ वरून ५३ वर आलं. लुका-स्मिथ यांचा हिशेब लावला तर पुढच्या वर्षी अर्ज काही टक्क्यांनी घटायला हवे होते. २०२४ मध्ये ते ९८ हजारांच्या घरात गेले.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. पण एक शक्यता मला दाट वाटते : क्रमांकाने विद्यापीठाला अर्जदारांच्या नजरेत आणलं, आणि नजरेत आल्यावर त्याला क्रमांकाची तितकी गरज उरली नाही. आता प्रवेशाचा दरच त्याची जाहिरात करतो. गेल्या वर्षीच्या वर्गातल्या हुशार मुलीला तिथे नकार आला, ही बातमी शाळेत कुठल्याही क्रमवारीपेक्षा लवकर पसरते.

याची किंमत कोणी दिली? फी आता वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर आहे, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्यांसाठी ‘टॉर्च’ शिष्यवृत्ती आहे, बॉस्टनच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठीही मदत आहे. पण संध्याकाळच्या वर्गांसाठी सुरू झालेल्या संस्थेत बॉस्टनच्या साधारण गुणांच्या, साधारण घरच्या मुलाला आज सहज जागा नाही. तो राज्य विद्यापीठाच्या शाखेत किंवा कम्युनिटी कॉलेजात जातो. विद्यापीठ वाचलं आणि मोठं झालं, पण ज्यांच्यासाठी निघालं होतं त्यांच्या हातून बऱ्याच अंशी निसटलं. १९९० मध्ये बंद पडलं असतं तरी ते निसटलंच असतं, हाही युक्तिवाद आहे आणि तो खोडून काढणं सोपं नाही.

त्याच १९९० मध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मिल्स कॉलेजही घटत्या प्रवेशांनी हैराण होतं. १८५२ पासूनचं हे महिलांचं कॉलेज. विश्वस्तांनी मे महिन्यात मुलग्यांनाही प्रवेश द्यायचं ठरवलं. विद्यार्थिनींनी संप केला, इमारती अडवून धरल्या, आणि दोन आठवड्यांत निर्णय मागे घ्यायला लावला. तत्त्व टिकलं. प्रवेश मात्र पुरेसे वाढले नाहीत, आणि २०२१ मध्ये कॉलेजने पदवी देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२२ च्या उन्हाळ्यात मिल्स नॉर्थईस्टर्नमध्ये विलीन झालं. आता बॉस्टनमध्ये जागा नसलेल्या काही नव्या विद्यार्थ्यांना पहिलं वर्ष ओकलंडच्या त्या आवारात काढायला सांगितलं जातं, आणि तिथे मुलगेही असतात.